अकराव्या टेबलापाशी

सत्यशीलेच्या डोक्यावर पळसाचं पान पडलं. एकच असतं तर तिने झटकून टाकलं असतं. पण एकामागून एक चार पडली, आणि वर कुणीतरी हसलं.

"अहो, झाड कशाला ओरबाडताय?" मान वर करून ती म्हणाली. चौथीच्या वर्गाला गप्प बसवणारा आवाज होता तो.

"ओरबाडून न्हाई राह्यलो, बाई. एका फांदीची दोनच घेतो," वरून उत्तर आलं. "तुम्हीच मधी आल्यात. पानं बिचारी काय करतील?"

"रस्त्याने चालायचं नाही का मग?"

"चाला की! रोज चाला. आम्ही कवा नको म्हणलं..."

असं म्हणत तो खाली उतरला. सावळा, काटक, केसांत पळसाच्या काटक्या अडकलेल्या, आणि चेहऱ्यावर असं हसू की रागावलेल्या माणसाची पंचाईत व्हावी. सत्यशीलेची झालीच. ती पुढे निघायला हवी होती, निघाली नाही. खरं सांगायचं तर दोन वर्षं हसनाबादच्या शाळेत शिकवत असून तिच्याशी असं बेधडक कुणी बोललं नव्हतं. परतूरहून आलेल्या, सडेतोड बोलणाऱ्या या बाईंना सगळं गाव जरा वचकूनच असायचं.

"एवढ्या पानांचं करता काय? पत्रावळी?"

"त्या आमचे आजोबा कराचे. आता लग्नात प्लास्टिकच्या ताटल्या आल्या, मंग पत्रावळी कोण घेतो?" झाडाखाली ठेवलेली टोपली त्याने पुढे ओढली. "हात करा."

"काय?"

"हात हो... खात न्हाई मी."

तिने ओंजळ पुढे केली, आणि त्याने तीत एक द्रोण ठेवला. निंबाच्या काडीने टाचलेला पळसाचा द्रोण, आत माती, मातीत बोटभर उंचीचं सीताफळाचं रोप. सत्यशीलेने तो डोळ्यांजवळ नेला. पानाच्या आरपार, दोऱ्यापेक्षा बारीक, पांढरीशुभ्र मुळी बाहेर डोकावत होती! पान कुठे फाटलं नव्हतं. मुळीने आपल्यापुरती वाट काढली होती.

"अगं बाई..." ती एवढंच म्हणाली.

"पिशवीतलं रोप लावताना पिशवी फाडावी लागती, मुळ्या तुटत्यात. हे द्रोणासकट मातीत ठिवाचं. पान कुजून त्याचंच खत व्हतं, आन् झाडाला कळतबी न्हाई की आपली जागा बदलली." तो बोलत होता आणि ती त्या मुळीकडे बघत होती. मग मुळीकडे बघायचं सोडून ती त्याच्याकडे बघायला लागली, आणि ते लक्षात येताच तिने द्रोण घाईघाईने परत केला.

"राहू द्या," तो म्हणाला. "माझं नाव देवानंद. राजूरचा हाये, इथं मामाकडं आल्तो, तो राह्यलोच."

"मी नाव कुठे विचारलं?"

"इचारणार व्हत्या... आता इचाराचं वाचलं न्हाई का!"

त्यानंतर आठवडाभर शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर रोज सकाळी एक नवा द्रोण येऊन बसायचा. कधी शेवगा, कधी कडुनिंब, कधी लिंबू. सत्यशीला तो उचलायची, पाणी घालायची, आणि आपण काही कुणाची वाट बघत नाही असं स्वतःलाच बजावायची. एकदा तो तिथेच सापडला. तेव्हा कळलं की त्याची हजारभर रोपं मामाच्या परसात आहेत, आणि मामा उन्हाळ्यात तिथेच खोली बांधणार आहे. स्वतःची जमीन त्याला वीतभरही नव्हती.

"मग रोपं कुठे न्याल?"

"बघू. एक जागा हाये नजरेत... मिळाली तर." एवढं म्हणून तो निघालाच. बोलणं अर्ध्यावर सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तिने पुढे विचारलं नाही.

सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर, शाळेच्या पटांगणात स्पर्धा भरली. सकाळी कलेची, दुपारी हिरव्या उद्योगांची. झाडं, खत, चुली, माती-पाणी राखणारा कुठलाही धंदा. उद्योगाच्या पहिल्या बक्षिसाला पाण्याच्या टाकीजवळची अर्धा एकर पंचायतीची जागा ठेवली होती, पाच वर्षं वापरायला. पंच तिघे: सरपंच तातेराव, महिला मंडळाच्या उषाबाई, आणि गावात कुणीच नातेवाईक नाही म्हणून सत्यशीला.

कारण हसनाबादेत एक रीत होती. पोळ्याला बैल पारखायला बसणाऱ्या पंचांची ती रीत होती, तीच इथे चालवली. समोर आपलं माणूस आलं की पंचाने मोठ्याने सांगायचं, 'ह्याच्यापुरता मी उठलो', आणि लिंबाखाली जाऊन उभं राहायचं. मग बाकीच्या पंचांच्या मार्कांची सरासरी धरायची. जो आपलं माणूस लपवेल त्याला गाव पुन्हा कधी पंच करत नसे.

तातेरावांची तर त्या दिवशी नुसती उठबस चालली होती! "ही माझी चुलत भाची. मी उठलो." "हा माझा साडू. उठलो बुवा." दुपारपर्यंत त्यांचे गुडघे बोलायला लागले. "बाई, तुमचं बरंय," ते सत्यशीलेला म्हणाले. "खुर्ची तापली असंल तुमची."

सकाळी ऐंशी वर्षांच्या गोजरबाईंची गोधडी पारखताना सत्यशीलेला भान राहिलं नव्हतं. गोधडी उलटी करून बघायची असते. उषाबाईंनी उलटली, आणि मागची बाजू पुढच्याइतकीच देखणी! कुठे गाठ दिसेना. "आज्जी, गाठी कुठे गेल्या?" तिने विचारलं तर म्हातारी म्हणाली, "मधी हायेत, माय. दावाच्या कशाला?" सत्यशीलेने तिला दहापैकी दहा मार्क दिले आणि वाकून नमस्कारही केला. या गावात, रोज ज्यांच्या दारावरून ती जात होती त्या घरांत, असले हात होते! दिवसभर ती त्याच नवलात होती.

उद्योगांत आठव्या टेबलावर झुंबरबाई आणि तिच्या गटाच्या बायांचं गांडूळखत होतं. झुंबरबाईने मूठभर खत दाबून दाखवलं, मूठ उघडली, आणि ते काळंभोर खत चहापत्तीसारखं सुटं झालं. आठ, आठ, नऊ. फळ्यावर पंचवीस लिहिले गेले. तोपर्यंतचे सगळ्यांत जास्त.

आणि अकराव्या टेबलामागे देवानंद उभा होता.

दोघांनी एकमेकांना बघितलं. तो चाटच पडला. रोपं घेऊन तो नुकताच पोचला होता; ती पंच आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि त्याच्या 'नजरेतली जागा' कोणती ते तिला आत्ता कळत होतं. तेव्हाच उठायला हवं होतं. पण ती मनाशी म्हणाली, तो माझा कोण? कुणी नाही. पाच-सात रोपांची ओळख! ती बसून राहिली.

देवानंदने पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत द्रोण अलगद बुडवला. माती हळूहळू खाली बसली, पान सैल होऊन गळून पडलं, आणि मुळ्यांचा सगळा पसारा पाण्यात मोकळा झाला. एकही मुळी तुटलेली नव्हती. मागची माणसं पुढे सरकली. भिवा नावाचा म्हातारा गडी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात राबलेला, बरणीला नाक लावून म्हणाला, "साठ वर्षं झाडं लावली... हे असं आत काय चाललेलं असतं, ते आज बघितलं." सत्यशीला खुर्चीतून पुढे वाकली.

"सात," तातेराव म्हणाले. "चीज झकास हाये, पण ट्रॅक्टरात हादरली की पान टिकंल का? मला शंका हाये."

उषाबाईंनी चष्मा पुसला. "नऊ." उद्योगांत कुणाला आठच्या वर त्या गेल्या नव्हत्या. लोक कुजबुजले.

सोळा झाले. सत्यशीलेने दहा म्हटलं की सव्वीस, आणि जागा त्याची. अख्ख्या पटांगणाने तो हिशेब केला. देवानंदनेही केला असणार, कारण तो तिच्याकडे बघेना. टेबलाची कड त्याने घट्ट धरली होती.

दहा तिच्या ओठांवर होते. पण हे दहा कुणाचे? त्या मुळीचे, की केसांत काटक्या अडकवून हसणाऱ्या माणसाचे? तिने मुळी वेगळी काढून बघायचा प्रयत्न केला; माणूस सोबत आला. माणूस बाजूला ठेवला तर रोज सकाळची ती भिंत आठवली. छे! काही केल्या सुटं होईना. गप्प बसली तर कुणाला कळणार नव्हतं. तिला कळणार होतं, आणि उद्या वर्गात पोरांना खरं बोला म्हणून सांगणार ती कुठल्या तोंडाने?

ती उभी राहिली.

"ह्यांच्यापुरती... मी उठले."

कुणाला काही समजेना. तातेराव खुर्चीतून वळले. "बाई, तुम्ही परतूरच्या. हा राजूरचा. मधी सोयरीक कुठून आली?"

"आली नाही," सत्यशीला म्हणाली. कान लाल झाले होते, पण आवाज स्वच्छ होता. "अजून."

बायांच्या बाजूने असा हशा उसळला, की झेंड्याच्या दोरीवरच्या चिमण्या उडाल्या. सत्यशीला ताठ चालत लिंबाखाली गेली आणि झाडाकडे तोंड करून उभी राहिली. मागे खडू वाजला. दोघांची सरासरी आठ. झुंबरबाईच्या गटाची आठाच्या वर. जागा गेली होती.

देवानंद आला. चार हात अंतरावर थांबला.

"तुमची जागा गेली माझ्यामुळे," ती झाडालाच म्हणाली.

"गेली," तो म्हणाला. खोटा धीर देणं त्याला जमलं नाही. "लई मन व्हतं त्या जागेवर. आता बी वाईट वाटून राह्यलंय, बाई, लपवत न्हाई."

"माहीत आहे मला."

"पण तुम्ही दहा दिले असते ना... तर मी जल्मभर इचार करत बसलो असतो, रोपानं जिंकलं का मी." तो थांबला. "सगळ्या गावापुढं उठलात हो तुम्ही. एवढी हिंमत... मी बघतच राह्यलो. माझ्यासाठी असं कुणी कवा उठलं न्हाई."

ती वळली. त्याचे डोळे भरले होते, आणि तो चक्क तिच्याकडे असा बघत होता, जशी ती त्या पहिल्या दिवशी मुळीकडे बघत होती.

तेवढ्यात पटांगणातून कलकलाट ऐकू आला. बाराव्या टेबलाचा कडूबा, उसाच्या पाचटाचं खत करणारा, हटून बसला होता. "परतूरच्या बाई आल्याबिगर मी झाकण उघडणार न्हाई! दोघांचे मार्क मला बिलकुल नकोत."

"का रं बाबा?" तातेराव वैतागले.

"का म्हंजी? ज्या बाईनं सोताच्या माणसाला सोडलं न्हाई, ती मला बराबर मापंल!"

सत्यशीलेला वाटलं होतं, आता या गावात आपल्याला हसतील. ती परत आली तर गर्दीने तिला वाट करून दिली, आणि गोजरबाईंनी खुर्ची पदराने पुसली. पण कडूबाला तिने सातच दिले. खत अजून कच्चं होतं, आणि तिने तसं तोंडावर सांगितलं. कडूबा खूश!

निकाल लागला. अर्धा एकर झुंबरबाईच्या गटाला. टाळ्या संपल्यावर झुंबरबाई बायांशी दोन मिनिटं कुजबुजली आणि देवानंदपुढे येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय रं पोरा, गांडुळाला अर्धा एकर लागतो का? चार खड्डे आन् एक छप्पर, बास! बाकी जागा तुझ्या रोपाला घे. आमचं खत तुझ्या द्रोणात टाकाचं, आन् तुझे द्रोण बाजारात बसले की तिथं आमच्या गटाचं नाव सांगाचं. हाये का कबूल?"

देवानंदने नुसती मान डोलावली, दोनदा, तीनदा.

"आन् हे बघ," झुंबरबाईने आवाज खाली आणला. म्हणजे फक्त निम्म्या गावाला ऐकू गेलं. "त्या बाईनं 'अजून' म्हणलंय. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. तिला टांगून ठिवू नको."

पटांगण रिकामं व्हायला लागलं. खुर्च्या उचलल्या जात होत्या. सत्यशीला मार्कांचे कागद गोळा करत होती, एकच कागद चार-चारदा सरळ करत. तो टेबलापलीकडे येऊन उभा राहिला.

"बाई... गावाला कळलं, पंचायतीला कळलं. मला एकट्याला तेवढं कुणी तोंडावर सांगितलं न्हाई."

"काय सांगायचं राहिलंय आता?" कागदांत बघत ती म्हणाली.

"सांगा तरी."

तिने कागद खाली ठेवले. एवढ्या गावापुढे न अडखळलेली ती, इथे एका माणसापुढे शब्द जुळवत होती. मग तिने सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"मला तुम्ही आवडता, देवानंद. लई आवडता. रविवारी परतूरला या... मोठ्या माणसांना घेऊन."

"रविवार?" त्याचा चेहरा असा उजळला, आणि लगेच तो घाबरलाही. "आज सोमवार हाये हो! सहा दिवस मी काय करू?"

"जागा साफ करा," सत्यशीला म्हणाली, आणि हसू तिला आवरेना. "शाळा सुटली की मी पण येते."