डोंगरातली ओ

मंदा, वात थोडी पुढे सार, म्हणजे सांगते.

ठाण्याला आगगाडी येऊन तेव्हा पंधरा-वीस वर्षं झाली असतील. आम्ही येऊरच्या पायथ्याशी राहायचो. हे जंगलखात्यात कारकून. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. चौथ्या माणसाशी बोलायचं तर टेंभी नाक्यापर्यंत पायपीट. एका रविवारी हे हद्दीचे दगड बघायला डोंगरावर निघाले, तशी मीही हट्टाने बरोबर गेले. सासूबाईंच्या मते बायकांनी डोंगर लांबूनच बघावा.

वर एक जुना पडका बुरूज आहे. तिथून सगळी खाडी दिसते, मिठागरं, होड्यांची शिडं. झाडांवर वानरं उड्या मारत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच मला इतकं मोकळं वाटलं.

"तू इथेच बस. खालचा दगड बघून आलोच," म्हणून हे कारवीच्या रानात शिरले.

ऊन कललं तरी यांचा पत्ता नाही. मग वानरं एकदम खाकरली आणि गप्प झाली. जवळपास बिबट्या असणार, एवढं मलाही कळलं. कारवीतून शिळ्या फुलांचा वास येऊ लागला.

हाक मारायची, पण कशी? उखाण्याशिवाय मी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. जीव घाबरा झाला तरी ते जिभेवर येईना.

"अहो..." मी ओरडले. "अहो..."

आता तूच सांग, अशा हाकेला कोण ओ देईल? कुणीही देईल.

"ओ," अगदी जवळून आली. कारवी हलली आणि हे बाहेर आले. तोच चेहरा, तोच आवाज. मला रडूच फुटलं.

"कुठे होतात इतका वेळ?"

"इथेच तर होतो... चल."

सगळी वाट ते माझ्या मागून चालले.

तिन्हीसांजेला परसदारानं घरात आलो. हे पाटावर बसले, मी भात वाढला. सासूबाई पुढच्या अंगणात तुळशीपाशी होत्या. आम्ही आल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. डोंगराकडे तोंड करून त्यांनी लेकाला नावाने हाक मारली.

पाटावरच्या माणसाने मानसुद्धा वर केली नाही.

"ओ... आई..." आवाज डोंगरातून आला. दमलेला. सासूबाईंना कमी ऐकू यायचं. मला मात्र ऐकू आला.

"दार लोटून घे," भात कालवत हे म्हणाले. "गार वारा येतोय."

शोधायला माणसं पाठवायची, तर काय सांगून? नवरा तर घरात जेवत होता.

पुढेही सासूबाई कधीमधी अंगणातून लेकाला नावाने हाक मारायच्या. दर वेळी डोंगरातून ओ यायची, आणि वर्षागणिक तो आवाज म्हातारा होत गेला. मी माजघरात तोंडात पदर कोंबून रडायचे.

आता सासूबाई नाहीत. डोंगरातल्या त्यांना नावाने बोलावू शकेल अशी मीच काय ती उरलेय. दिवेलागणीला डोंगराकडे बघत उभी राहते, नाव अगदी ओठांवर येतं. तेवढ्यात आतून हे हळूच विचारतात,

"कुणाला हाक मारतेयस गं?..."