रुळणी

नवी गाडी घरी आली की पहिला आठवडा तिची रुळणी चालते, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. चालक नसलेली ही गाडी कारखान्यातून भित्रीच निघते. चाकापुढे पाचोळा आला तरी थांबते. मग घरची माणसं कशाला दचकतात, कशाला हसतात, हे बघून ती आपली भीती कमी करते. सून सासरी रुळते तशी, असं कंपनीची जाहिरात म्हणायची. जाहिरातीच्या जिभेला हाड नसतं.

साताऱ्याच्या दिगंबर नलावड्यांनी, म्हणजे आबांनी, पाडव्याला हौसेनं गाडी आणली. वैशाखात, नातीच्या, ओवीच्या दुसऱ्या वाढदिवशी, त्या गाडीनं अंगणात नातीलाच चिरडलं. तेव्हापासून सून मेघना आबांशी बोलत नव्हती. गाडी सदोष होती, एवढं ग्राहक आयोगानं म्हणावं, यासाठी आबा भांडत होते.

सुनावणीआधी कंपनीच्या शास्त्रज्ञ शर्वरी मिरजकर यांनी त्यांना आयोगाच्या दालनाशेजारच्या खोलीत नेऊन गाडीची स्मृती पडद्यावर दाखवली. पाडव्याची पूजा चालली होती. चाकाखाली लिंबं होती म्हणून गाडी हलेना. आबांनी तिला पुन्हा पुन्हा पुढे जायला सांगितलं. शेवटी तिनं लिंबं चिरडली आणि साऱ्या घरानं टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या वाजल्या की चाकापुढचं लहानसं काही चिरडायचं, हे ती तेव्हा शिकली," शर्वरी म्हणाल्या. "वाढदिवसाला ओवी पुढ्यात नाचत होती, म्हणून गाडी थांबली होती, काका. नाचता नाचता ओवी खाली बसली, आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"म्हंजे मीच शिकवलं म्हणायचं," आबा म्हणाले. "पण लिंबं कोण ठेवत नाही, बाई?"

सगळ्या गाड्या परत बोलवा, असं शर्वरींनी वरिष्ठांना सांगून पाहिलं होतं. कुणी ऐकलं नाही. आता कंपनीला तडजोड हवी होती. आबांनी सही केली, तर याच एका गाडीत दोष होता असं कंपनी मान्य करणार आणि ही स्मृती पुसणार. नाही केली, तर ती आयोगापुढे उघड दाखवली जाणार; बाकीची घरं सावध होतील, पण ठपका आबांवर येईल.

"मी हे बोलायला नको," शर्वरी म्हणाल्या, "पण सही करू नका."

आबांनी सही केली.

मेघना बाहेर बाकावर बसली होती. गाडीतच दोष होता, कंपनीनं कबूल केलं, असं आबांनी सांगताच ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आबांना हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

तिनं डोळे पुसले. "मग बाकीच्यांच्या गाड्यापण परत घेतील ना, आबा? त्यांच्याकडंबी लेकरं असतील."

"घेतील की," आबा म्हणाले.