भाऊमंडळींवर आळ

"आणखी एकदा दाब," हान-छी म्हणाला.

पेइ-रुंगने कॅबिनेटच्या डोक्यावर बांधलेल्या हिरव्या पुड्याच्या कडेखालून बोट सरकवलं आणि बटण पुन्हा दाबलं. नव्याकोऱ्या कॉम्प्युटरने पंखा फिरवला नाही, दिवा लावला नाही, साधं हूं की चूं केलं नाही. खुंट्यांना टांगलेल्या बाहुल्या मात्र सगळं बघत होत्या. त्यात एक सेनापती होता, दोन राक्षस होते आणि एक म्हातारी होती. तिचा एक डोळा मागच्या वर्षी उंदराने नेला होता. उरलेल्या डोळ्याने ती जास्तच बघायची.

"रॅम काढून परत बसवलीस?"

"दोनदा."

"मागचं स्विच?"

"चालू आहे."

"भिंतीतला प्लग?"

"आत्ताच त्यावर टेबलफॅन लावून बघितला. फिरला."

"मग भाऊमंडळी," हान-छी हळूच म्हणाला आणि दाराच्या जवळ सरकला. हान-छी पेइ-रुंगच्या वर्गात विज्ञानात पहिला होता.

चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात पाताळाची दारं उघडतात आणि आतले सगळे वर फिरायला येतात. त्यांना भूत म्हणायचं नसतं, त्यांना वाईट वाटतं. भाऊमंडळी म्हणायचं. ताइनान शहरातल्या या गल्लीच्या देवळात दर वर्षी त्यांच्यासाठी पंगत मांडतात, बाहुल्यांचा खेळ लावतात आणि खुर्च्यांची पहिली रांग रिकामी सोडतात. रिकामी म्हणजे आपल्याला दिसते तशी. पंगत उठली की ते जेवण माणसं घरी नेतात. आगोंग म्हणायचे, "अन्न सगळं उरतं. फक्त चव ते घेऊन जातात." पेइ-रुंगचा धाकटा भाऊ तिंग-वेइ याला हे मुळीच पटत नसे. त्याला सगळंच चविष्ट लागायचं, खोडरबरसुद्धा.

आगोंग म्हणजे या दोघांचे आजोबा. बाहुल्यांचा खेळ त्यांचा. त्यांचा ढोलवाला मुलाकडे राहायला गेला आणि झांजवाल्याचे हात कापायला लागले, म्हणून यंदा सुट्टी लागल्यापासून या तिघांनी सुटे भाग जमवून देवळामागच्या खोलीत कॉम्प्युटर जोडला होता. ढोल, गडगडाट, रंगीत दिवे, सगळं त्यातून होणार होतं.

देवळाचे व्यवस्थापक लियाव काका दारात येऊन उभे राहिले. "सातव्या महिन्यात कुणी नवीन यंत्र जोडतं का? आत कुणीतरी राहायला आलंय, दुसरं काही नाही. हे बघा, उद्याच्या पंगतीआधी हे सुरू झालं नाही तर मी बाहुल्यांऐवजी गाण्यांचा ट्रक बोलावतोय. आणि तो एकदा आला की दर वर्षी तोच येणार. आगोंग, तुम्ही बाहुल्यांच्या पेट्या आता माळ्यावर टाका. वय झालं."

आगोंग कोपऱ्यात सेनापतीच्या अंगरख्याला टाका घालत होते. त्यांचा टाका चुकला. त्यांनी तो उसवला, पुन्हा घातला, तोही चुकला. पेइ-रुंगने आजोबांचा टाका चुकलेला आजवर पाहिला नव्हता.

"माझ्याकडून तर कसूर नाही," काका पुड्याकडे बोट दाखवून म्हणाले.

तेही खरंच होतं. यंत्रावर मक्याच्या कुरकुरीत खाऊचा पुडा ठेवला की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पुडा हिरवाच लागतो, ताजा लागतो, आणि त्याला कुणी हात लावायचा नसतो. बटण पहिल्यांदा दाबायच्या आधीच काकांनी दुकानातला सर्वांत मोठा पुडा आणून कॅबिनेटच्या डोक्यावर लाल दोरीने आवळला होता. मुलांनी बाजूचं झाकण उघडून आतली वायर न् वायर तपासली होती, पण पुड्याला धक्का न लावता.

"आपण तो खाऊन बघू या का?" तिंग-वेइने विचारलं.

"कशासाठी?"

"तपासासाठी."

काका आणि त्यांच्यामागून आगोंग निघून गेले. बाहेर ढग आला होता. खोलीत अंधारलं, वरचे पत्रे निवू लागले. पेइ-रुंग पेचकस पुसत होती. मग ऊन परत आलं, पत्रे तडतडले, आणि खोलीत कुणीतरी श्वास घेतला.

खस्स.

तिघांपैकी कुणीच तो घेतला नव्हता. तिघांनीही आपापला रोखून धरला होता.

कॉम्प्युटरचा पंखा घरघरला. निळा उजेड भिंतीवर चढला आणि म्हातारीचा एक डोळा चमकला. चार-पाच श्वास होतील एवढा वेळ उजेड राहिला, मग सगळं विझलं. पेइ-रुंगने धावत जाऊन बटण दाबलं. यंत्र ढिम्म.

"मला घरी काम आहे," हान-छी म्हणाला.

"कसलं?"

"ते घरी गेल्यावर कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळची शिकवणी संपवून तिघं परत आली. हान-छीही आला, कारण घरी काहीच काम निघालं नव्हतं. अंगणात पंगतीची टेबलं लागत होती, उदबत्तीचा धूर खोलीत शिरत होता. तिघं भिंतीला पाठ लावून बसली. ढग आला. ढग सरला.

खस्स. घरघर. निळा उजेड. अंधार.

"चालू होतो आणि लगेच मरतो," पेइ-रुंग पुटपुटली. "बटण दाबून धरलं की अस्संच होतं. आधी चालू, न सोडता धरून ठेवलं की बंद. आणि एकाने दाबून धरलेलं असताना दुसऱ्याने कितीही दाबलं तरी उपयोग नाही."

"पण धरलंय कुणी?" तिंग-वेइने विचारलं.

तिघांनी कॅबिनेटच्या आसपासच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. तिथे उभं राहायला जागा भरपूर होती.

पेइ-रुंगला आजोबांचा तो उसवलेला टाका आठवला. ती उठली.

"ज्याने कुणी बोट ठेवलंय ते राहू दे तिथेच. मी बटणाची वायरच काढते."

तिने बटणाकडून येणारी बारीक वायर मदरबोर्डवरून उपटली आणि उघड्या पडलेल्या दोन पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवलं; बटण आत हेच करतं. पंखा घरघरला, निळा उजेड भिंतीवर चढला. चार श्वास गेले, दहा गेले. उजेड हलला नाही.

"यंत्र ठणठणीत आहे," हान-छीचा आवाज चिरकला. "म्हणजे बटण! बटणावर काय आहे?"

तिघांचे डोळे एकदमच वर गेले. तापल्या पत्र्याखाली पुडा टम्म फुगला होता. दोरी त्याला वर जाऊ देत नव्हती, म्हणून तो पोटाने खाली रेटत होता. त्याच्या पोटाखाली बटण होतं. ढग आला की तो निवून सैल व्हायचा, ऊन आलं की खस्स करून पुन्हा बटणावर चढायचा.

"मी म्हटलं होतं, खाऊ या," तिंग-वेइ म्हणाला.

तेवढ्यात लियाव काका फोन कानाला लावूनच आत आले. मागे आगोंग होते. पेइ-रुंगचा हात पुड्याकडे जाताना बघून काका ओरडले, "हात लावू नकोस! यंत्र बिथरेल!"

"मी नाही लावत, काका. पुडा तुमचा. तुम्हीच दोरी सोडा आणि बघा, बिथरतंय का."

चारचौघांत नाही म्हणणं काकांना जमलं नाही. त्यांनी दोरी सोडली आणि पुडा उचलला. खाली दबलेलं बटण टक्क करून वर आलं. यंत्र चालूच राहिलं.

"तुम्ही त्याला गप्प बसवलंत," पेइ-रुंग म्हणाली. "ते बसलं. फार आज्ञाधारक आहे."

काकांनी फोन खिशात घातला. पलीकडून ट्रकवाला अजून हॅलो हॅलो करत होता.

आगोंगांनी यंत्राकडे बघितलं, मग नातीकडे. "माझ्या वडिलांनी मला पहिली गोष्ट शिकवली, की बाहुली हलत नसेल तर आधी आपला हात कुठे अडकलाय ते बघ. तुला न शिकवताच आलं." मग ते काकांकडे वळले. "लियाव, बाहेरच्या मंडळींवर तू उगाच आळ घेतलास. पाहुणे आहेत ते. माफी माग."

संध्याकाळी लियाव काका पहिल्या रांगेसमोर तीनदा वाकले. खुर्च्यांनी काही म्हटलं नाही. मधल्या खुर्चीवर त्यांनी तो हिरवा पुडा ठेवला. मग ढोल असा दणाणला की मागच्या रांगेतल्या बाळाने रडणं थांबवलं, सेनापतीने दोन्ही राक्षसांना लोळवलं आणि आगोंगांचा एकही हात चुकला नाही. खेळ संपल्यावर काका सगळ्यांदेखत म्हणाले, "पुढच्या वर्षीही हेच. आणि पुडा कुठे ठेवायचा ते पेइ-रुंगला विचारून."

तिंग-वेइला अखेर परवानगी मिळाली. पुडा आता निवून चपटा झाला होता, पण सील शाबूत होतं. त्याने तो फोडला, मूठभर खाऊ तोंडात कोंबला आणि चावता चावता थांबला.

"काय रे?" पेइ-रुंगने विचारलं.

तिंग-वेइने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"ताई," तो म्हणाला, "याला चवच नाही."