एकवीस दिवसांची काच

"अहो, ती शिडी... तिथे नाही!"

जुन्या सूतगिरणीच्या वरच्या मजल्यावर सुतार दचकला. वळून पाहतो तर डोक्यावर पिवळी टोपी, गालाला चुना, आणि डोळे — छे, त्या डोळ्यांकडे बघायची सोयच नव्हती. इंजिनिअर बाई! भिंतीच्या भेगेवर तिने काचेची पट्टी चिकटवली होती, वर तारीख लिहून. भिंत जराशी सरकली तरी काच तडकणार. एकवीस दिवस ती शाबूत राहिली, तर बाई सही करणार आणि गिरणीत घरं होणार. नाहीतर सगळं जमीनदोस्त.

ती रोज सकाळी काच बघायला येई, आणि हा नेमका तिथलीच खिडकी तासत बसे.

"एका खिडकीला किती दिवस?"

"लाकूड जुनं आहे... घाई केली की रुसतं."

"लाकूडच ना?" ती हसली, आणि त्याचा रंधा आडवा गेला.

एकोणिसाव्या दिवशी ती गेल्यावर त्याच्याच शिडीचं टोक काचेला लागलं. टक्! काच तडकली. तिला खरं सांगितलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, आणि तिच्या मनातून उतरणार ते वेगळंच. त्याने गुपचूप तशीच पट्टी कापून चिकटवली, तारीखही उतरवली. मग दोन दिवस घास गिळेना. चोराच्या मनात चांदणं!

एकविसाव्या दिवशी तिने कागद खिडकीत ठेवला, पेन काढलं. उद्या इथे कुणीतरी आपलं तान्हं बाळ झोपवणार होतं.

"थांबा!" त्याचा आवाज चिरकला. "काच... माझ्याकडून फुटली. ही मी लावलीय."

तिने काचेकडे पाहिलं. त्याला वाटलं, संपलं सगळं.

"माहीत आहे," ती हळूच म्हणाली. "तारखेतला माझा सातचा आकडा इतका सुबक नसतो. काल आल्या आल्याच ओळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलता का बघत होते." तिने टोपी काढून खिडकीत ठेवली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुम्ही गप्प राहिला असतात तर... मला तुम्ही आवडता हो, आणि तरी मालकांना सांगून तुम्हाला काढावं लागलं असतं."

त्याने पेनाकडे पाहिलं. टोपण तिने काढलंच नव्हतं.

तिने पट्टी खरवडून नवी लावली, आजची तारीख घातली. "मालकांना मी सगळं सांगणार. बोलणी खावी लागतील. आणि पुन्हा एकवीस दिवस."

"रोज सकाळी याल?"

"येईन," ती म्हणाली. "शिडी मात्र चार हात लांब. तुम्ही नाही."