साहेबांनी खाल्लं तरी काय?

"कुत्री गवत खातात आणि ओकतात. त्यात एवढं काय?" आई म्हणाली.

"आई, साहेब सकाळपासून तिसऱ्यांदा ओकलेत. आणि त्यात गवताची एक काडीसुद्धा नव्हती."

"तू काय निरखून बघत होतीस?"

निरखून बघायला कशाला हवं होतं? तिन्ही वेळा फरशी टिकलीनेच पुसली होती. तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि ऊन लागलं असेल असं निदान करून टाकलं. साहेब काल दिवसभर पंख्याखाली लोळत होते, हे त्यांना कोण सांगणार?

साहेब म्हणजे मामाचा कुत्रा. नऊच्या आधी उठायचं नाही, हाक मारली तर एकच डोळा उघडायचा आणि जेवणाला उशीर झाला की दारात येऊन नुसतं उभं राहायचं, म्हणून हे नाव. मामा कामासाठी दहा दिवस बाहेर गेला होता. जाताना त्याने पट्टा आईकडे दिला नाही, बाबांकडेही नाही. तो टिकलीच्या हातात दिला आणि म्हणाला, "तुझ्या भरवशावर सोडून चाललोय बरं का." आज चौथा दिवस होता आणि साहेब पोट आखडून पलंगाखाली पडले होते. नाकापाशी बिस्कीट धरलं तरी त्यांनी तोंड फिरवलं.

शेवटी टिकलीने सरळ भोकाड पसरलं. बारा वर्षांच्या मुलीला हे शोभत नाही हे तिला कळत होतं, पण मोठ्या माणसांना मुद्दा पटवायचा दुसरा मार्ग तिला अजून सापडला नव्हता. दहा वाजता मायलेकी साहेबांना घेऊन प्राण्यांच्या दवाखान्यात पोचल्या.

डॉक्टरबाईंनी साहेबांचं पोट चाचपलं आणि सलाइन लावलं. "काहीतरी भलतंच पोटात गेलंय. काय ते कळलं तर नेमका उपचार करता येईल. घरात बघा, बागेत बघा. उंदराचं औषध, गोगलगायी मारायच्या गोळ्या, कीटकनाशक, खत, काहीही असू शकतं. चारपर्यंत ओकारी थांबली आणि दुसरं काही आढळलं नाही, तर घरी न्या."

आईने यातलं 'चार' आणि 'घरी न्या' एवढंच लक्षात ठेवलं. टिकलीने मात्र वसाहतीत पाऊल ठेवताच पलटण गोळा केली. पलटण म्हणजे शेजारचा गुगली, जो सरळ प्रश्न कधी विचारत नसे, आणि त्याची सात वर्षांची बहीण शेपूट, जी नको म्हटलं तरी मागे मागे यायची.

"काल संध्याकाळी साहेब कुठे कुठे गेले होते?" टिकलीने विचारलं.

"कुठे नव्हते गेले ते विचार," गुगली म्हणाला. "तू पट्टा सोडून माझ्याशी बॅडमिंटन खेळत होतीस."

टिकलीचा चेहरा खर्रकन उतरला. ते अगदी खरं होतं.

"साहेब गुलाबांत होते," शेपूट म्हणाली. "खोदून खोदून खात होते. नाकाला तपकिरी तपकिरी चिकटलं होतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगत होते ना. तुम्ही म्हणालात, मध्ये मध्ये बोलू नकोस."

तिघं गुलाबांच्या वाफ्याकडे धावली. कोपऱ्यात चांगला वीतभर खड्डा होता. कडेला तपकिरी चुरा सांडला होता आणि त्याला वाळक्या मांसासारखा वास येत होता. शेपूटने चिमूट उचलायला हात पुढे केला. टिकलीने तो वरच्या वर पकडला.

"वाफ्यात कोण उतरलंय?"

हा आवाज चिटणीसकाकांचा. काका वसाहतीचे चिटणीस होते आणि त्यांना दोनच हौशी होत्या, गुलाबांची आणि सह्यांची. टाकी धुतली की सही, चेंडू जप्त केला की पावती आणि त्यावर सही. परवा गुलाबांच्या स्पर्धेचे परीक्षक यायचे होते, त्यामुळे सध्या ते वाफ्याभोवतीच घुटमळत असत.

"काका, या खतात काय आहे?" टिकलीने विचारलं.

"सेंद्रिय आहे. शंभर टक्के."

"हो, पण आहे काय?"

"सांगितलं ना, सेंद्रिय. म्हणजे नैसर्गिक. त्याने कुणाला काही होत नाही."

"साप पण नैसर्गिकच असतो ना, काका?" गुगली म्हणाला.

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हाडांची पूड आहे त्यात. कुत्र्याने हाडं खाल्ली तर बिघडलं काय? आधी आपलं कुत्रं सांभाळायला शिका, मग मला विचारा."

हे टिकलीला फार लागलं, पण ती मागे हटली नाही. तिने खताची पिशवी मागितली. पिशवी नव्हती. दिसायला ओंगळ वाटते म्हणून काकांनी सगळं खत बिस्किटांच्या जुन्या डब्यात ओतून ठेवलं होतं. बिस्किटांच्या डब्यात! आणि पिशवी? असेल कुठेतरी, काका म्हणाले.

टिकलीला स्वतःचे केस उपटावेसे वाटले. तिघांनी कचऱ्याच्या पेट्या पाहिल्या, जिन्याखालचा कोनाडा पाहिला, पंपाची खोली पालथी घातली. अडीच वाजले तरी पिशवीचा पत्ता नव्हता. दमून तिघं कुंपणाच्या सावलीत टेकली. शेजारीच माळीदादा गुडघ्यांवर बसून हिरवळीची कड कापत होते.

"माळीदादा, तुम्ही गुलाबावर बसलाय," शेपूट म्हणाली.

या वेळी कुणी तिला गप्प केलं नाही. टिकलीने वाकून पाहिलं. माळीदादांच्या गुडघ्यांखाली जाड प्लास्टिकची घडी होती आणि तिच्यावर हे एवढं मोठं गुलाबाचं चित्र.

"गुडघे दुखतात हो फार," माळीदादा ओशाळून म्हणाले. "काकांनी टाकलेली पिशवी, मी उचलली."

पिशवीच्या मागे बारीक अक्षरं होती, त्यातली निम्मी गुडघ्यांनी पुसून टाकली होती. हाडांची पूड. त्यापुढे 'एरं', मग नुसता घासल्याचा डाग, मग 'पेंड'. आणि सगळ्यात खाली, 'कुत्री व मांजरे यांच्यापासून दूर ठेवा'.

"एरंडीची पेंड," माळीदादा म्हणाले. "एरंडीच्या बियांचं तेल काढलं की उरतो तो चोथा. मी काकांना म्हटलं होतं, ही जनावरांच्या तोंडाला लागू द्यायची नसते. ते म्हणाले, तू झाडं बघ."

पलटण पिशवी घेऊन वसाहतीच्या कचेरीत घुसली. तिथे चिटणीसकाका, बाबा आणि आणखी दोघं स्पर्धेची बैठक घेत होते. 'एरंडी' हा शब्द ऐकून काकांचा चेहरा एकदम खुलला.

"अरे, एरंडेल पिऊन वाढलो आम्ही. दर रविवारी! त्याने उलट पोट साफ होतं."

"माझं तर नाक दाबून धरायचे," बाबा म्हणाले.

"मी कपाटात लपायचो," तिसरे म्हणाले. चौथ्यांनी चमचा केवढा असायचा ते हाताने दाखवलं. एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतात ते हेच असावं. दहा मिनिटं झाली तरी ते थांबेना, आणि टिकली पिशवी हातात धरून तशीच उभी.

"बाबा, आई कुठे आहे?" तिने शेवटी जोरात विचारलं.

"दवाखान्यातून फोन आला होता. ओकारी थांबलीय म्हणे. आई त्याला आणायला गेलीय. बघ, उगाच घाबरलीस की नाही?"

टिकलीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरबाई शस्त्रक्रियेत होत्या, निरोप ठेवा म्हणाले. मग आईला लावला. आईचा फोन वाजला, पण तो वरच्या मजल्यावर, त्यांच्याच स्वयंपाकघरात. घरी ठेवायचा होता तर मोबाइल घेतला तरी कशाला?

तिघं दोन सायकलींवर सुटली. शेपूट मागे बसून पिशवी छातीशी धरून होती. दवाखान्यात आई कागदावर सही करत होती. साहेब गळ्यात पट्टा घालून उभे होते, शेपटीसुद्धा जरा हलवत होते.

"हा बघ, ठणठणीत झालाय," आई म्हणाली.

टिकली दारात फतकल मारून बसली आणि तिने साहेबांच्या गळ्याला मिठी घातली. "आई, घरी गेल्यावर मला हवं तेवढं ओरड. पण डॉक्टरबाई येईपर्यंत मी उठणार नाही, आणि यांनाही नेऊ देणार नाही."

आई ओरडण्याच्या बेतातच होती, तेवढ्यात डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी पिशवी वाचली आणि आईच्या हातातून पट्टा काढून घेतला.

"पण एरंडेल तर औषध..." आई म्हणाली.

"तेल वेगळं, पेंड वेगळी. बीमधलं विष तेलात उतरत नाही, ते चोथ्यातच राहतं. त्यात हाडांची पूड मिसळली की कुत्री वासाने चवीचवीने खातात. आता बरा दिसतोय, पण याचा त्रास दोन दिवसांनीसुद्धा उसळतो, आणि याला उतारा नाही. सलाइनवर ठेवून सांभाळायचं, एवढंच हातात असतं. आज घरी नेला असतात तर कठीण होतं." मग त्या मुलांकडे वळल्या. "पिशवीला हात लावलात ना? आधी साबणाने धुवा."

दुसऱ्या दिवशी साहेब खरंच ढासळले. टिकली सकाळ-संध्याकाळ दवाखान्याच्या बाकावर बसून राहायची. त्या संध्याकाळी पट्टा सोडला नसता तर, हा एकच विचार तिच्या डोक्यात फिरत होता. इकडे चिटणीसकाका मात्र वाफा खणून द्यायला तयार नव्हते. परीक्षक येऊन जाऊ देत, मग बघू, असं त्यांचं पालुपद चालू होतं. वसाहतीतली चार मांजरं गुलाबांभोवती हिंडत होती, ती काय परीक्षकांसाठी थांबणार होती?

गुगली एक कागद घेऊन कचेरीत गेला. "काका, एवढ्यावर सही करा, म्हणजे आम्ही पुन्हा त्रास देणार नाही."

काकांनी सवयीने पेन उघडलं. कागदावर लिहिलं होतं, 'वाफ्यातलं खत पूर्ण निर्धोक आहे. त्यामुळे कुत्रा, मांजर किंवा मूल दगावल्यास जबाबदारी माझी. चिटणीस.'

काकांनी ते दोनदा वाचलं. पेन कागदावर टेकलं होतं, पण सही काही उमटेना. मग त्यांनी टोपण लावलं आणि घसा खाकरला. "माळ्याला बोलवा. हातमोजे घालून यायला सांगा." संध्याकाळपर्यंत वाफ्यावरचा वीतभर थर निघाला, डबा रिकामा झाला आणि काकांनी स्पर्धेतून स्वतःचं नाव काढून घेतलं.

चौथ्या दिवशी साहेब घरी आले. वाळले होते, पण चालत आले. अख्खी वसाहत जमली. चिटणीसकाकांनी छोटंसं भाषण केलं, मुलांची नावं घेतली आणि माळीदादांची सगळ्यांसमोर माफी मागितली. माळीदादांना कुठे बघावं ते कळेना.

तेवढ्यात मामाचा फोन आला. बाबा लगेच पुढे सरसावले, "अरे, काही नाही, आम्हाला वेळेवर लक्षात आलं..."

आईने त्यांच्या हातातून फोन घेतला. "खोटं आहे ते," ती म्हणाली. "आम्हाला कुणाला काही लक्षात आलं नाही. मी तर त्याला घरी आणायच्या कागदावर सही करत होते. हिने दारात ठाण मांडलं, म्हणून तो जिवंत आहे."

चार दिवस टिकलीने मनातल्या मनात एक वाक्य घोकून ठेवलं होतं, 'मी सांगत होते ना तुम्हाला'. आता ते म्हणायला अगदी योग्य वेळ होती. पण ती आईला जाऊन बिलगली.