इफल्जचं कार्ड

आमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत तो आला तो भांडायलाच. मी शब्दांच्या कार्डांचा खण जोरात ओढला, तो नेमका समोर येऊन उभा राहिला, आणि खणाचं टोक थेट त्याच्या पोटात!

"छापखान्यातून आलोय... मुद्रितं तपासतो," पोट चोळत तो म्हणाला. "हा 'इफल्ज' बघा. अर्थ आहे, वाक्य नाही."

इफल्ज म्हणजे झळाळून उठणं, आतलं तेज बाहेर फाकणं. अर्थ सोपा, पण हे क्रियापद कुणी वापरेल तर शपथ! त्यात संपादकबाईंचा नियम कडक — उदाहरण आपण रचायचं नाही. कुणीतरी मनापासून लिहिलेलं वाक्य हवं आणि कार्डावर त्याची सही हवी. महिनाअखेरपर्यंत मिळालं नाही, तर शब्द बाद.

मग तो रोज यायला लागला.

"सापडलं?"

"नाही."

"बरं झालं. उद्या परत येतो."

एवढंच. पण चार वाजले की माझे डोळे दाराकडे लागायचे. घरी ताई चिडवायची, "शब्द शोधतेयस की माणूस?" मी उडवून लावायचे. खरं तर मी त्याच्यात पुरती गुंतले होते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो आला, पण 'सापडलं?' विचारलंच नाही.

"परगावच्या छापखान्यातून नोकरीचं बोलावणं आलंय. आज कळवायचंय."

मी आपली मूर्खासारखी कार्डं लावत बसले.

त्याने खिशातून एक पत्र काढलं. "माझी बहीण इंग्रजी शिकवते. पहिल्याच आठवड्यात तिला लिहिलं होतं. परवा परत मागवलं."

इंग्रजी पत्रात एका ओळीखाली रेघ होती. 'शब्द सापडेपर्यंत ती आठ्या घालून बसते. सापडला, की तिचा चेहरा...' आणि पुढे तेच क्रियापद!

मी कोरं कार्ड घेतलं. ओळ जशीच्या तशी उतरवली.

"नियमाप्रमाणे विचारावं लागतं... हे मनापासून लिहिलंय?"

"अगदी. सही कुठे करू?"

त्याने सही केली. मी कार्ड खणात ठेवलं, तरी तो हलेना.

"मग... काय कळवू त्यांना?"

"सोमवारपासून एफ अक्षर सुरू होतंय," मी म्हटलं. "जाऊ नकोस."

इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच त्याला अहो-जाहो केलं नव्हतं. तो हसला, खुर्ची ओढून माझ्याच टेबलाशी बसला आणि माझ्याच पेनाने नकार लिहायला लागला. मी समोर बसून बघत राहिले. तेव्हा माझा चेहरा कसा दिसत होता, ते त्या कार्डावर लिहिलेलंच आहे.