रिकाम्या रिंकमधला जल्लोष

"ज्याची बातमी लिहायची त्याच्यावर भाळायचं नाही," संपादक मर्डोकने बजावलं होतं. "भाळलीस की कान जातात." ओरिसियाने ते हसण्यावारी नेलं. चार वर्षांच्या पोरीची आई ती... भाळायला सवड कुणाला होती?

आणि कॅनडातल्या सास्काटूनच्या आइस हॉकी रिंकच्या अंधाऱ्या जिन्यात टेव्हिश येऊन आदळला. तिची कॉफी त्याच्या कोटावर.

"कोट माझा, कॉफी तुमची. फिट्टंफाट?"

हा आवाज! गोल झाला की भोंग्यांतून घुमणारा, रिंकच्या निवेदकाचा...

"अगंबाई, तुम्हाला चेहरासुद्धा आहे?"

"आहे ना. पण कॉफी सांडणाऱ्यांनाच दाखवतो."

मग तो पत्रकार कक्षात गरम पेरोगी, बटाटा भरलेल्या करंज्या, आणू लागला. ती मान वर न करता खायची, आणि हसायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

मोठी लीग नव्या टीमसाठी शहर निवडणार होती, सास्काटून नाहीतर हॅलिफॅक्स. टीम आली तर तिचा आवाज टेव्हिशचा. लहानपणापासून त्याला तेवढंच हवं होतं.

निवड समिती आली त्या दुपारी बाहेर हिमवादळ. स्थानिक सामन्याला खुर्च्या बहुतेक रिकाम्या. तरी गोल झाला, आणि केवढा जल्लोष उसळला! त्या जल्लोषात एक मूल रडलं. शेवटी उचकी. ओरिसिया चमकली. पुन्हा गोल, पुन्हा तोच कल्लोळ... तेच रडणं, तीच उचकी. ती उठून रांगांमधून शोधत गेली. मिटलेल्या खुर्च्या, गारठा, कुणीच नाही. तिसऱ्यांदा ते मूल थेट तिच्या डोक्यावर रडलं. भोंग्यातून.

ती त्याच्या खोलीत शिरली. "टेव्हिश, ते मूल कुणाचं?"

तो पांढराफटक पडला. "तुला... ऐकू आलं? समितीत कुणालाच नाही आलं."

"आईला येतं."

"दुसऱ्याच शहरातली गर्दी आहे. टेप. रिंकचे मालक म्हणाले, टीम येऊ दे, खरी माणसं येतीलच..." त्याने टेप बंद केली. "लिहिणार?"

"तू नको म्हणालास तर—"

"नको, तसं विचारू नकोस... मी 'नको' म्हणेन." त्याने आपला मफलर तिच्या गळ्याभोवती गुंडाळला. "लिही. माझं नावही घाल."

तिने लिहिलं. टीम हॅलिफॅक्सला गेली. गाव दोघांशी बोलेनासं झालं. ती लेकीला घेऊन रेजायना शहरातल्या पेपरात गेली, टेव्हिश मागेच राहिला. रिंकला कुलूप लागलं, वीज तोडली. तरी रिंकजवळचे नदीकाठचे लोक सांगतात, आतून टेव्हिशच्या आवाजात कधीच न आलेल्या टीमच्या खेळाडूंची नावं पुकारली जातात.

गेल्या आठवड्यापासून टेव्हिश फोन उचलत नाही. बर्फाने महामार्ग बंद. बातमीत कधी 'मी' न लिहिणाऱ्या ओरिसियाने आज पेपरात लिहिलं :

'मी निःपक्ष नाही. माझं टेव्हिशवर प्रेम आहे. रिंकजवळ राहणाऱ्यांनो, माझ्यावर राग असू द्या, पण मागच्या दाराने आत जा. आवाज येतोय म्हणजे तो आहेच, असं धरून चालू नका. जवळ जाऊन... बघून या.'